शेंगेन व्हिसाचा फोटो: स्टुडिओत ‘पासपोर्ट साइझ’ सोडून नेमकं काय सांगायचं?

खाडीकाठ (देवगड)

नमस्कार मंडळी. गणपती झाले की सासूबाई, सासरे, मी आणि 14 महिन्यांची लेक अशा चौघांचा जर्मनीच्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा) अर्ज मुंबईत द्यायचाय. नणंद तिकडे असते, नाताळच्या सुमारास जाणं होईल. बाकी कागद जमतायत, घोडं अडलंय फोटोपाशी.

इथे स्टुडिओत ‘व्हिसाचा फोटो’ म्हटलं की ‘पासपोर्ट साइझ ना?’ असं विचारतात, निळ्या पडद्यासमोर बसवतात, मागचं कॉम्प्युटरवर पांढरं करतात आणि आठ प्रती पाकिटात घालून देतात. चेकलिस्टमध्ये लिहिलंय 35 × 45 मिमी, हलकी एकरंगी पार्श्वभूमी, चेहरा 70 ते 80 टक्के. हे 70 टक्के कशाचे?

सासूबाईंचे केस पूर्ण पांढरे, चष्मा, नाकात चमकी, कपाळाला कुंकू. सासऱ्यांना टक्कल आहे आणि या दमट हवेत ते चमकतंच. लेक एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. त्यात नणंद म्हणते, जर्मनीत आता कागदी फोटो घेतच नाहीत, डिजिटल लागतो. मग इथे नक्की काय करायचं? देवगडात किंवा फार तर कणकवलीत काम व्हायला हवं. मुंबईत गेल्यावर चौघांची धावपळ नको आहे.

---

उजेड_अंधार (रत्नागिरी)

ताई, 70 ते 80 टक्के हे फोटोच्या उंचीचे. 45 मिमीपैकी 32 ते 36 मिमी चेहऱ्याने व्यापलेले हवेत. मोजायचं हनुवटीच्या खालच्या कडेपासून माथ्यापर्यंत. माथा म्हणजे डोक्याचा माथा, केसांचा फुगा किंवा अंबाडा त्यात धरायचा नाही. 34 डोक्यात ठेवा, म्हणजे कापताना मिलिमीटरभर इकडचं तिकडे झालं तरी मापात राहता.

आपल्याकडच्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोत कागदाचं माप बहुतेक बरोबरच असतं. चुकतो तो आतला चेहरा. स्टुडिओवाल्याला खांदे, कॉलर, शर्टाचं दुसरं बटण सगळं दाखवायची सवय, मग चेहरा 22-25 मिमीवर येतो. बाहेरून बघाल तर फोटो 35 × 45, पण काउंटरवर परत. 34 चा चेहरा घेतला की वर साधारण 4 मिमी आणि खाली 7 मिमी उरतात. म्हणजे मान आणि खांद्यांची सुरुवात, एवढंच. घरच्यांना तो फोटो फार जवळून काढल्यासारखा वाटेल. वाटू दे.

स्टुडिओत जाताना शाळेतली पट्टी पर्समध्ये टाका आणि पैसे द्यायच्या आधी प्रिंटवर मोजा. स्क्रीनवर दाखवलेलं माप धरू नका. ‘शेंगेन’ हा शब्दही नुसता सांगून उपयोग नाही, कारण परदेश म्हटलं की कुणी अमेरिकेचा 51 × 51 चा चौकोनी काढतो, कुणी आखाताच्या नोकरीवाल्यांना देतो तो काढतो. थेट सांगा: ‘35 बाय 45, चेहरा हनुवटी ते माथा 34 मिलिमीटर, मागचं खरंच हलकं राखाडी किंवा पांढरं, चेहऱ्यावर काही करायचं नाही.’

आता निळ्या पडद्याबद्दल. निळ्यावर काढून पांढरं करणं मला अजिबात पसंत नाही. पडद्याचा निळा उजेड जबड्याच्या कडेला आणि पांढऱ्या केसांवर उतरतो. मागचं पुसलं तरी ती निळसर कड राहते. ती काढायला मग कडा घासतात, त्यात कानाची पाळी चपटी होते आणि उडणारे केस गायब होतात. डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. फोटोत फेरफार नको हा नियम आहेच, पण नियम बाजूला ठेवला तरी नुसत्या नजरेला ते कळतं.

सासूबाईंसाठी पांढरी पार्श्वभूमीही नको. पांढरे केस पांढऱ्यावर विरघळतात, डोकं कुठे संपलं तेच कळत नाही. त्यांच्यामागे हलका राखाडी कागद लावायला सांगा. बऱ्याच स्टुडिओंत राखाडी कागदाचा रोल पडून असतो, नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून हलक्या राखाडी कार्डशीटचे दोन ताव घेऊन जा. जोड डोक्यामागे येता कामा नये. आणि त्यांना गडद साडी नेसू दे, पांढरी किंवा मोतिया नको.

चष्मा काढायचा. चष्म्यावर सरसकट बंदी नाही, पण काचेवर दिव्याचा ठिपका, फ्रेम डोळ्यांवर येणं, काचेची सावली, असे नापास व्हायचे तीन रस्ते उघडे कशाला ठेवायचे? फक्त तो दहा-पंधरा मिनिटं आधी उतरवा, नाहीतर नाकावर दोन लाल खळगे दिसतात. चमकी राहू दे. ओठावर येणारी नथ असती तर काढायला सांगितलं असतं. कुंकू चेहरा झाकत नाही, तेही राहू दे. चकाकणारी टिकली मात्र नको, फ्लॅशमध्ये कपाळावर पांढरा डाग उमटतो.

सासऱ्यांचं टक्कल हा उजेडाचा प्रश्न आहे, पावडरीचा नंतर. कॅमेऱ्यावरचा एकच फ्लॅश समोरून मारला की कपाळ पांढरं, डोळे लाल आणि मागे एका बाजूला डोक्याची काळी सावली. दोन दिवे हवेत, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर, दोघांवरही छत्री किंवा सॉफ्टबॉक्स, दोघांची ताकद सारखी. माणूस पडद्यापासून किमान मीटरभर पुढे बसवायचा, म्हणजे सावली खाली जमिनीवर जाते. आपल्याकडच्या लहान स्टुडिओंत स्टूल भिंतीला टेकवूनच ठेवलेलं असतं. ते पुढे ओढायला सांगायला लाजू नका. टकलावर आधी कोरडा टिश्यू दाबायचा, पुसायचा नाही. मग अगदी हलकी पावडर. टाल्कम जास्त झाली की डोकं राखाडी दिसतं.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि चेहऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर. डोकं सरळ, दोन्ही कान सारखे दिसतील असं. तोंड मिटलेलं, दात नाहीत, डोळे पूर्ण उघडे, भुवयांवर केस नाहीत. ‘जरा हसा’ म्हणायची आम्हा फोटो काढणाऱ्यांना खोड असते, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि एक. ‘थोडं गोरं करून देऊ का?’ असं न विचारताच करून देणारे पुष्कळ आहेत. सुरकुत्या, तीळ, जुनी खूण, सगळं गुळगुळीत. आधीच बजावून ठेवा की उजेडाची पातळी आणि रंगाचा तोल एवढंच सुधारायचं, कातडीला हात लावायचा नाही. ज्या माणसाचा चेहरा पासपोर्टशी ताडून बघायचाय, त्याचा तीळ पुसून कसं चालेल?

---

कागदपत्रं_नीट (चिपळूण)

वरचं सगळं बरोबर. कागदोपत्री बाजू मी सांगतो.

नणंदबाई म्हणतात ते खोटं नाही, पण ते वेगळ्या कामाचं. जर्मनीत 1 मे 2025 पासून तिथल्या पासपोर्ट आणि ओळखपत्रासाठी कागदी फोटो बंद होऊन डिजिटल फोटो आला. तो नियम तिथल्या कार्यालयात केलेल्या अर्जांना. तुमचा अर्ज इथून, भेटीच्या शेंगेन व्हिसाचा. तुमच्या चेकलिस्टमध्ये कागदी फोटो मागितलेत, तर तेच घेऊन जा. मूळ फाइल मात्र स्टुडिओकडून पेन ड्राइव्हवर मागून ठेवा, पुन्हा प्रिंट लागली तर तीच उपयोगी पडते.

फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. इथे लोक एक चलाखी करतात: पासपोर्टच्या वेळचा किंवा आधीच्या व्हिसाचा उरलेला फोटो लावतात. शेंगेनच्या स्टिकरवर तुमचा फोटो छापलेला असतो. तोच शर्ट, तीच मान आधीच्या स्टिकरवर दिसली की तारीख विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. सासऱ्यांचा जुना शेंगेन असेल तर या वेळी शर्टही वेगळा घालू द्या.

प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस अर्ज देता येतो. नाताळ म्हणजे तुम्ही वेळेत आहात. फोटो आत्ता श्रावणात काढले तरी चालतील, गणपतीच्या गर्दीत स्टुडिओवाल्याला फुरसत नसते.

आपल्या सरकारी सवयी इथे सोडायच्या. फोटोवर आडवी सही नाही, शिक्का नाही, साक्षांकन नाही. स्टेपलर नाही, टाचणी नाही. यू-पिन लावली तरी तिचा वण चेहऱ्यावर उठतो. फॉर्मवरच्या चौकोनात चिकटवायचा की सुटा द्यायचा ते चेकलिस्टमध्ये बघा. तिथे काही लिहिलं नसेल तर सुटा न्या आणि काउंटरवर विचारा, कारण चिकटवलेला काढताना फाटतो. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढून गालावर उठतात.

बाळालाही स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र फोटो लागतोच. 12 वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, त्यावरून ‘फोटोही लागत नाही’ असा गैरसमज पसरलाय. फी मात्र 6 वर्षांखाली नाही. मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 ला 45, वर केंद्राचं सेवाशुल्क.

अर्जकेंद्रांवर फोटो काढून देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, वेगळे पैसे पडतात. मोठ्यांसाठी तो शेवटचा आधार म्हणून ठीक. पण रात्रभर गाडीत जागलेलं बाळ तिथे सरळ बघेल या भरवशावर जाऊ नका.

---

लाटेवरचा (मालवण)

ताई, तुमचं जर्मनीचं आहे म्हणून ठीक, पण हा धागा उद्या कुणी हॉलंडसाठी वाचेल, म्हणून सांगून ठेवतो. आमची बरीच पोरं जहाजावर चढायला रॉटरडॅमला जातात. नेदरलँड्सची स्वतःची फोटो-नियमावली आहे. तिच्यात कागद तोच 35 × 45, पण मोठ्या माणसाचा चेहरा हनुवटी ते माथा 26 ते 30 मिमी. जर्मनीच्या नमुन्यात 32 ते 36. म्हणजे एकाचा फोटो दुसऱ्याच्या मापात बसतच नाही. ‘शेंगेन म्हणजे सगळीकडे सारखं’ असं गृहीत धरून 34 चा चेहरा घेऊन डच अर्जाला गेलात तर तो मोठा ठरू शकतो.

उपाय सोपा आहे. फोटो काढताना डोक्याभोवती भरपूर जागा सोडून काढायचा आणि एकाच फाइलमधून दोन मापांचे कट काढायचे. आधीच जवळून कापलेली फाइल मिळाली की मागे जाता येत नाही. म्हणून स्टुडिओकडे न कापलेली मूळ फाइल मागा.

सीडीसीसाठी (खलाशाच्या नोंदपुस्तिकेसाठी) काढलेले फोटो पाकिटात पडून असतात, ते व्हिसाला लावायचा मोह होतो. आधी पट्टी लावून बघा.

---

हिरवा_माड (वेंगुर्ला)

एवढा खटाटोप कित्याक? मोबाईलवर आता अॅपं आहेत. सेल्फी काढा, अॅप बॅकग्राउंड पांढरं करतं, चेहरा मापात बसवतं, वर ‘पास’ असं हिरवं बटणही दाखवतं. प्रिंट तेवढी मारायची.

---

उजेड_अंधार (रत्नागिरी)

@हिरवा_माड, मापाची चौकट दाखवणारं अॅप वापरायला हरकत नाही. पण ते ‘पास’ अॅपवाल्याचं, व्हिसा देणाऱ्याचं नव्हे.

सेल्फी इथे दोन कारणांनी बाद होते. हात लांब करून धरलेला फोन चेहऱ्यापासून जेमतेम 60 सेंटीमीटरवर असतो. एवढ्या जवळून रुंद लेन्सने काढलं की नाक मोठं, कान मागे गेलेले आणि चेहरा निमुळता दिसतो. दोन मीटरवरून काढलेल्या चेहऱ्याची ठेवणच वेगळी असते. दुसरं म्हणजे पुढच्या कॅमेऱ्यात सौंदर्य-मोड बंद केला तरी काही फोन कातडी थोडी घासतातच. शिवाय काही फोनवर चेहरा आरशासारखा उलटा साठवला जातो, मग डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर.

फोनच वापरायचा तर मागचा कॅमेरा, दुसऱ्या माणसाच्या हातात, दोनपट झूम, दीड-दोन मीटर अंतर. पोर्ट्रेट मोड बंद, तो केसांच्या आणि कानांच्या कडा धूसर करतो. फिल्टर बंद. फ्लॅश बंद. स्टुडिओला फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जेपीईजी करून घ्या, छोट्या लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याचा नेहमीचा फॉरमॅट उघडेलच असं नाही.

आकडे हवे असतील तर: 35 × 45 मिमी म्हणजे 300 डीपीआयला (इंचामागे 300 ठिपके) 413 × 531 पिक्सेल, 600 ला 827 × 1063. 600 वर 34 मिमीचा चेहरा साधारण 803 पिक्सेल उंच येतो. लॅबवाल्याला एवढं सांगितलं की तो वाद घालत नाही.

---

खाडीकाठ (देवगड)

खूप स्पष्ट झालं, आभार सगळ्यांचे. सासू-सासऱ्यांना कणकवलीला नेते, राखाडी कार्डशीटसकट.

बाळाचं घरीच करावं म्हणतेय. घर जुनं आहे, चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, अंगणात कलमं आणि माड. पडवीत उजेड चांगला असतो. चालेल का? आणि प्रिंट इथे इंकजेटवर काढली तर?

---

उजेड_अंधार (रत्नागिरी)

पडवी उत्तम, पण दोन गोष्टी सांभाळा, दोन्ही रंगाच्या.

गिलावा न केलेला चिरा लाल असतो आणि त्यावर पडलेला उजेड लाल होऊनच परत येतो. बाळाचा एक गाल भिंतीकडे असेल तर तो गाल तांबूस, दुसरा बरा. खाली तांबड्या कोब्याची जमीन असेल तर हनुवटीखालूनही लाली चढते. समोरून अंगणातल्या झाडांचा हिरवा. पावसाळ्यात तर सगळीकडे हिरवंच, त्यामुळे कपाळ हिरवट आणि हनुवटी लाल अशी मजा होते. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेरा बरोबर पकडतो. नंतर दुरुस्तही नीट करता येत नाही, कारण चेहऱ्याच्या प्रत्येक भागावर वेगळा रंग असतो.

म्हणून पडवीच्या कडेला, जिथून मोकळं आभाळ दिसतं, तिथे जमिनीवर जाड सतरंजी आणि तिच्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर पसरा, दोन घड्या करून, म्हणजे खालचा रंग झिरपत नाही. चिऱ्याच्या बाजूलाही एक पांढरी चादर दोरीवर टांगा. तिने लाली अडते, वर त्या बाजूच्या गालावर मऊ उजेड येतो. वेळ सकाळी नऊ-दहाची किंवा ढगाळ दुपार. ढगाळ आभाळासारखा सॉफ्टबॉक्स विकत मिळत नाही. फक्त धो धो पाऊस असताना नको, उजेड मिनिटामिनिटाला बदलतो.

14 महिन्यांचं बाळ चादरीवर निजवून वरून काढा. डोकं चादरीच्या मध्ये, सुरकुती डोक्याखाली नको. तुम्ही पायाशी उभं राहून वाकायचं, फोन अगदी बाळाच्या चेहऱ्याच्या वर आणि जमिनीला समांतर. तिरका धरला की कपाळ लहान आणि हनुवटी मोठी येते. तुमची सावली चेहऱ्यावर पडू नये म्हणून आभाळाच्या उलट बाजूला उभ्या राहा. दुसऱ्या कुणीतरी फोनच्या मागे, लेन्सच्या अगदी शेजारी, खुळखुळा वाजवायचा. बाजूला वाजवला की नजर बाजूला जाते. चोखणी, दुपटं, कुणाचा हात, खेळणं, यातलं काहीही फोटोत नको. झबल्याचा रंग गडद. काजळाची तीट त्या दिवसापुरती पुसा, आजी रागावल्या तरी. काजळ ओघळलं की डोळ्यांखालची सावली समजली जाते.

तोंड मिटलेलं मिळेपर्यंत सलग काढत राहा. फोनवर एकामागोमाग एक काढायची सोय असते ती वापरा, त्यातला एखादा हमखास निघतो. पोट भरलेलं आणि झोप झालेली, ती अर्ध्या तासाची वेळ गाठली की बाकी कशाची चिंता नाही. बाळाचं डोकं चादरीत रुततं तेव्हा कानांच्या मागे मऊ सावली येते, ती चालते. चेहऱ्याच्या एका बाजूला लांब, काळी सावली असेल तर नको.

प्रिंटबद्दल: इंकजेट या हवेत नकोच. स्वस्त चकचकीत कागदावरची शाई ओल धरते, प्लॅस्टिकच्या पाकिटात फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीवर जातं. लॅबची प्रिंट किंवा रोलवर छापणाऱ्या थर्मल प्रिंटरची घ्या. थर्मलमध्ये शेवटी पारदर्शक थर बसतो, ओल्या बोटाचा डाग उठत नाही.

4 × 6 इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात, आडवे चार आणि दोन ओळी. इथे एक फसगत होते. लॅबचं मशीन कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून चित्र थोडं मोठं करतं, मग 35 चे 36 होतात आणि 34 चा चेहरा 35 वर जातो. चेहरा 36 च्या काठावर ठेवलेला असेल तर तो मापाबाहेर. ‘मूळ मापात छापा, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल’ असं सांगा. कागदाच्या कोपऱ्यात बरोबर 10 मिमीची एक रेघ छापून घेतलीत तर पट्टी लावून लगेच कळतं.

कापायला ट्रिमर. एका दाबात कापणारे पंच असतात, त्यातले काही कोपरे गोल करतात, ते नको. कोपरे सरळ हवेत आणि कडेला पांढरी किनार नको.

---

कागदपत्रं_नीट (चिपळूण)

@खाडीकाठ, बाळाची आठच्या आठ काढून घ्या. वर्षाखालच्या-वरच्या मुलांचे चेहरे झपाट्याने बदलतात. अपॉइंटमेंट दोन-तीन महिने पुढे गेली तर बाळाचा फोटो पुन्हा काढा, मोठ्यांचा सहा महिन्यांत चालून जाईल.

फोटो नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत समोरासमोर ठेवू नका. प्रत्येकाचे वेगळ्या कागदी पाकिटात, दोन प्रतींमध्ये बटर पेपर, ती पाकिटं पासपोर्टच्या पानात आणि मग सगळं फाइलमध्ये. कोकणकन्येत खिडकीशी बसणार असाल तर फाइल सीटखाली नाही, मांडीवर.

---

चांदणी_दाभोळ (दापोली)

एक भर. आमच्याकडे बऱ्याच बायका स्कार्फ बांधतात. धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीच्या खालच्या कडेपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण उघडा हवा आणि कापडाची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. काळा स्कार्फ पुढे ओढून बांधला की कपाळावर पट्टीसारखी सावली येते. तो अर्धा इंच मागे घ्यायचा आणि दिवे थोडे खाली आणायचे. स्कार्फ पांढरा असेल तर मागे राखाडी. चकाकणाऱ्या पिना कानाजवळ नकोत. माथा कापडाखाली असतो, म्हणून चेहऱ्याचं माप घेताना कापडाची जाडी वगळून अंदाज घ्यावा लागतो. 33 मिमी धरलं की दोन्ही बाजूंना मोकळीक राहते.

स्टुडिओत दादा आणि ताई दोघं असतील तर पिना लावायला ताईंना आत बोलवा, काम लवकर होतं.

---

हिरवा_माड (वेंगुर्ला)

बरां, मान्य. सेल्फी रद्द. पण एक सांगा, सासऱ्यांनी पांढरो शर्ट घातलो तर राखाडीवर चलात ना?

---

उजेड_अंधार (रत्नागिरी)

राखाडीवर चालेल, पांढऱ्यावर नाही, तिथे मान हवेत लटकल्यासारखी दिसते. तरी निळा किंवा चॉकलेटी बरा. 34 च्या चेहऱ्यात कॉलरची फक्त टोकं दिसतात, पण ती गडद असली की हनुवटीची खालची कड ठसठशीत उठते, आणि पट्टी तिथूनच लावायची आहे. गळाबंद कुडता नको, कॉलर हनुवटीला भिडते आणि माप कुठून घ्यायचं तेच कळत नाही.